मोठी जहाजे आणि आपली बंदरे



या व्यासपीठावरून इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे अशी परंपरा आहे. त्या मानाने आमचा विषय रुक्ष आहे. तो आहे जहाजाच्या लांबीरुंदीचा, बंदराच्या खोलीचा, आणि या दोहोंपायी जो खर्च होतो तो कोणाच्या खात्यावर पडतो याचा. पण मुलांच्या खेळण्यापासून कारखान्यातील यंत्राच्या सुट्या भागापर्यंत, आणि नाशिकच्या द्राक्षांपासून इचलकरंजीच्या कापडापर्यंत, देशात येणारा वा बाहेर जाणारा पुष्कळसा माल आज कंटेनर नावाच्या लोखंडी पेटीतून समुद्र ओलांडतो. तेव्हा ती पेटी वाहणारे जहाज किती मोठे असावे, हा प्रश्न जहाजमालकांवर सोडून देण्याजोगा नाही.

पेटी आली तेव्हा

पेटी येण्यापूर्वी गोदीतील काम म्हणजे गोणी, गाठी, पिंपे आणि खोकी यांचे काम होते. जहाजाच्या पोटात एक टोळी उतरे, वर विंचवाला असे, धक्क्यावर दुसरी टोळी माल घेऊन शेडमध्ये लावी, आणि टॅली क्लार्क एकेक नग मोजी. जहाज दिवसचे दिवस धक्क्याला लागून राही. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या मालमोटारींच्या धंद्यातील गृहस्थाने 'आयडियल एक्स' या जहाजावर 58 पेट्या ठेवून ते नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. त्याची कल्पना साधी होती. माल एकदा कारखान्यात भरावा, आणि मग गिऱ्हाइकाच्या दारात जाईपर्यंत कोणी त्याला हात लावू नये. हलवायची ती पेटी. भारतात असे जहाज प्रथम 1973 साली कोचीनला लागले.

या पेटीने कामगाराच्या पाठीवरचे ओझे उतरवले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. धुळीत, उन्हात, दोरखंडाखाली मोडणाऱ्या कंबरेचे गोडवे आम्ही गाणार नाही. मात्र ओझ्याबरोबर ते वाहणारा माणूसही गोदीबाहेर गेला, आणि यंत्राने वाचवलेल्या पैशात त्याचा वाटा किती, हे कोणी विचारले नाही. आज नेमका तोच प्रश्न अधिक मोठ्या आकारात पुढे आला आहे, कारण आता जहाजच अवाढव्य झाले आहे.

जहाज का वाढले?

कंटेनरांचे माप वीस फुटी पेटीवर मोजतात. 1996 साली 'रेगिना मर्स्क' हे सहा हजारांवर पेट्यांचे जहाज आले तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. दहाच वर्षांनी, 2006 साली, 'एमा मर्स्क' सुमारे 15,000 पेट्यांचे निघाले. 2013 मध्ये 18,000 चा टप्पा आला, आणि 2023 साली पाण्यात आलेल्या 'एमएससी इरिना' या जहाजाची क्षमता 24,346 आहे. त्याची लांबी 400 मीटर आणि रुंदी 61 मीटर. त्यावरील पेट्या एकामागे एक मांडल्या तर मुंबईहून निघालेली रांग जवळजवळ पुण्याला टेकेल.

यात मालकाचा हिशेब असा आहे. जहाज दुप्पट पेट्या घेऊ लागले म्हणून खलाशी दुप्पट लागत नाहीत; वीस-पंचवीस माणसांतच काम भागते. पोलाद दुप्पट लागत नाही, तेलही दुप्पट जळत नाही. म्हणून दर पेटीमागे समुद्रावरचा खर्च कमी येतो. हिशेब खरा आहे, पण त्याला दोन अटी आहेत. पहिली अशी, की जहाज भरलेले पाहिजे. सगळ्यांनी एकाच वेळी मोठी जहाजे बांधली आणि माल तेवढा वाढला नाही, तर भाडे कोसळते. 2016 साली दक्षिण कोरियाची हांजिन ही बडी कंपनी अशीच बुडाली, आणि बंदराचे पैसे मिळणार नाहीत या भीतीने तिच्या जहाजांना अनेक बंदरांनी आत घेतले नाही. लोकांचा माल जहाजावर आणि जहाज समुद्रात, अशी अवस्था झाली.

दुसरी अट अशी, की हिशेब फक्त समुद्रापुरताच करायचा. किनाऱ्यावरचा करायचा नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक मंच या सरकारांच्या संस्थेने 2015 साली या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, अलीकडच्या महाकाय जहाजांत जी बचत होते तिच्यातील सुमारे 60 टक्के बचत ही आकाराची नसून नव्या, काटकसरी इंजिनांची आहे, आणि आकार वाढवून होणारी बचत आधीच्या टप्प्यांच्या तुलनेने चार ते सहा पटींनी घटली आहे. म्हणजे मालकाचा नफा आकसत चालला आहे. बंदराचा खर्च मात्र वाढतच आहे.

किनाऱ्यावरचा हिशेब

हा खर्च कसा वाढतो ते एका सोप्या उदाहरणाने पाहू. एखाद्या बंदरात आठवड्याला चार जहाजे येतात, आणि प्रत्येकावर हजार पेट्यांची चढउतार होते असे धरा. एक क्रेन तासाला पंचवीस पेट्या हलवते. दोन क्रेन असल्या तर एक जहाज वीस तासांत मोकळे होते. चार जहाजांचे ऐंशी तास होतात. काम आठवडाभर बेताने वाटले जाते.

आता त्या चारांच्या जागी एकच मोठे जहाज चार हजार पेट्या घेऊन आले. आठवड्याचा माल तेवढाच; एक पेटीही वाढलेली नाही. पण मालक म्हणतो, जहाजाचा प्रत्येक दिवस आम्हाला फार महाग पडतो, तेव्हा चोवीस तासांत मोकळे करा. त्यासाठी सात क्रेन लागतील. त्याही जुन्या चालणार नाहीत, कारण साठ मीटर रुंदीच्या जहाजाच्या पलीकडच्या कडेपर्यंत ज्यांचा हात पोचतो अशाच क्रेन पाहिजेत. एका दिवसात उतरलेल्या पेट्या ठेवण्यास मोठे आवार पाहिजे. त्या बाहेर नेण्यास एकाच दिवशी ट्रेलरांची रांग आणि मालगाड्या पाहिजेत. धक्का लांब पाहिजे, त्याचा पाया खोल पाहिजे, टग अधिक जोराचे पाहिजेत. आणि ही सगळी सामग्री उरलेले सहा दिवस काय करील? उभी राहील. माल तेवढाच, बंदराचे भांडवल मात्र कित्येक पट, अशी ही गंमत आहे.

शिवाय गाळाचा प्रश्न आहे. जहाज भरले की पंधरा-सोळा मीटर पाण्यात बुडते. जेथे निसर्गाने खोली दिली नाही तेथे तळ खणावा लागतो, आणि खणलेला तळ तसा राहत नाही. प्रत्येक पावसाळ्यात नद्या-खाड्या गाळ आणून टाकतात, आणि वाट जितकी खोल तितका गाळ तीत अधिक बसतो. तेव्हा हा खर्च घर बांधण्यासारखा एकदाचा नसून, भाडे भरण्यासारखा कायमचा आहे.

मोठ्या बंदराच्या मागे लहान बंदर

बंदरांच्या जाळ्याचेही रूप याने पालटते. महाकाय जहाज दहा ठिकाणी थांबू शकत नाही. प्रत्येक थांब्याला त्याचे पैसे जळतात. म्हणून ते निवडक मोठ्या बंदरांत थांबते. तेथे पेट्या उतरवून लहान जहाजांवर चढवतात आणि ती जहाजे भोवतालच्या बंदरांत जातात. यास ट्रान्सशिपमेंट म्हणतात, आणि त्या लहान जहाजांना फीडर. एस.टी.चे जंक्शन आणि तेथून फुटणाऱ्या गावगाड्या, असे त्याचे स्वरूप समजावे. फीडरच्या वाटेला गेलेल्या पेटीची चढउतार दोनदा अधिक होते, दिवस मोडतात, आणि हा वाढीव खर्च लहान बंदरामागच्या शेतकऱ्याच्या व कारखानदाराच्या मालावर बसतो.

दुसरी गोष्ट अशी, की आशिया-युरोप मार्गावर नवी जहाजे आली म्हणजे तेथील जुनी मोडीत जात नाहीत. ती पुढच्या लहान मार्गावर ढकलली जातात. तेथील त्याहून लहान मार्गावर. त्यामुळे ज्या बंदराने चोवीस हजारी जहाज कधी पाहिलेही नाही, त्यालाही आपला धक्का वाढवावा लागतो. वरच्या मजल्यावर कोणी पलंग बदलला की खालच्या प्रत्येक खोलीतील सामान हलते, तसा हा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट सौद्याची. एवढी जहाजे एकट्याने भरत नाहीत म्हणून कंपन्यांनी जुटी केल्या आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये मर्स्क आणि हापाग-लॉइड यांनी नवी जूट सुरू केली. पूर्वी बंदराला वीस गिऱ्हाइके असत. एक गेले तर एकोणीस उरत. आता तीन-चार मोठी गिऱ्हाइके, आणि एक गेले की आवार ओस. सिंगापूरसारख्या मातबर बंदरालाही हे चुकले नाही. 2000 साली मर्स्क कंपनी तेथून उठून शेजारच्या मलेशियातील तांजुंग पेलेपास या नव्या बंदरात गेली, आणि 2002 साली एव्हरग्रीन कंपनी तिच्या मागे गेली. जहाज बंदर सोडून जाऊ शकते. बंदराला जागा सोडता येत नाही. या सौद्यातील सारा कमीजास्तपणा या एका गोष्टीत आहे.

आपला किनारा

आता आपल्याकडे वळू. मुंबईची अलेक्झांड्रा गोदी, जिला आज इंदिरा गोदी म्हणतात, ती 1914 साली पुरी झाली. तिचे प्रवेशद्वार 100 फूट रुंद. त्या काळी ते भव्यच होते. आजच्या सर्वांत मोठ्या जहाजाची रुंदी 200 फूट आहे. शहराच्या पोटात असलेल्या या गोदीला कंटेनरांची शर्यत झेपणे शक्य नव्हते. खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे 26 मे 1989 रोजी नवे बंदर सुरू झाले, आणि पेट्या तिकडे गेल्या. पुढे मुंबई बंदरानेही समुद्रात कंटेनरांसाठी धक्के बांधण्याचे ठरवून 2007 साली करार केला. पेट्या ठेवण्यास जागा हवी म्हणून एकोणिसाव्या शतकातील प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या बुजवल्या. पण कंटेनरांचा धंदा तेथे आला नाही. धक्क्यांवरून मोटारगाड्या आणि पोलाद जाऊ लागले. जहाजे पुढे धावतात आणि बंदर त्यांच्या मागून धावते, त्याचा हा दाखला आहे.

न्हावा-शेव्याची कथा निराळी. 2024-25 या वर्षात तेथे सुमारे 73 लाख पेट्यांची वाहतूक झाली. पण त्याचे बळ कशात आहे ते ओळखले पाहिजे. तेथील माल मुख्यतः आपल्याच मुलखाचा आहे: महाराष्ट्राचा, गुजरातेचा, उत्तर हिंदुस्थानचा. तो बंदराला बांधलेला आहे. जंक्शनवर उतरणाऱ्या परक्या पेटीसारखा उद्या दुसरीकडे जाणारा नाही. असे असूनही तीस किलोमीटरांहून लांब असलेली त्याची वाट आधी 14 आणि मग 15 मीटरांच्या जहाजांसाठी खोल करावी लागली, आणि तीही भरतीचा आधार घेऊन. रत्नागिरीचा आंब्याचा रस असो की सिंधुदुर्गाचा काजू, परदेशी जाणाऱ्या पेटीची वाट कोकणातील बंदरांवरून न जाता घाटरस्त्याने आणि महामार्गाने न्हावा-शेव्यालाच येते. आपल्या कोकणाला सातशेवीस किलोमीटरांचा किनारा असून पेटीला मात्र ट्रेलरच नशिबी आहे.

दक्षिणेकडे कोचीनजवळ वल्लारपाडम येथे 2011 साली मोठ्या आशेने टर्मिनल उघडले. भारताचा जो माल कोलंबोत जहाज बदलतो तो येथे वळवावा असा हेतू होता. हेतू स्तुत्य, कारण आपल्या ट्रान्सशिपमेंटच्या मालापैकी सुमारे तीन चतुर्थांश परदेशी बंदरांत, विशेषतः कोलंबो, सिंगापूर आणि क्लांग येथे जात असे. परंतु तेथील वाट सतत गाळ काढून राखावी लागते, आणि कोलंबो जागचे हलले नाही. त्यानंतर केरळातच विळिंजम येथे डिसेंबर 2024 पासून धंदा सुरू झाला. तेथे किनाऱ्यालगत अठरा-वीस मीटर खोली निसर्गानेच दिलेली, आणि जागतिक जलमार्ग दहा सागरी मैलांवर. जून 2025 मध्ये 'एमएससी इरिना' तेथे येऊन लागले. जेथे समुद्रच खोल आहे तेथे मोठे जहाज बोलवावे, हे शहाणपण आहे.

पण जाळ्याचे दुसरे टोकही पाहा. 25 मे 2025 रोजी विळिंजमहून कोचीनला निघालेले 'एमएससी एल्सा 3' हे 1997 साली बांधलेले जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ 640 पेट्यांसह बुडाले. खलाशी सर्व वाचले. परंतु प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यावर वाहत आले आणि मच्छीमारांच्या पोटावर पाय आला. मोठ्या मार्गावर नवे कोरे जहाज आणि आपल्या गावगाडीच्या मार्गावर अठ्ठावीस वर्षांचे जुने, ही या जाळ्याची रीत आहे.

आता आपल्या पालघर जिल्ह्यात वाढवण येथे 76,220 कोटी रुपयांचे बंदर व्हायचे आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. तेथे खोली सुमारे वीस मीटर आहे, म्हणून चोवीस हजारी जहाजांसाठी जागा योग्य, असे सांगितले जाते. खोलीपुरते ते बरोबर आहे. मात्र समुद्रात 1,448 हेक्टरांची भर घालावी लागणार आहे, आणि तो समुद्र रिकामा नाही. त्यावर मच्छीमारांची घरे चालतात. डहाणू तालुक्यासाठी नेमलेल्या पर्यावरण प्राधिकरणाने 1998 साली या जागी बंदराला नकार दिला होता आणि 2023 साली होकार दिला. उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी 1984 साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकरी गोळीबारात मेले, आणि मग साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व पुढे आले. मोबदल्याचा न्याय माणसे मेल्यावर करायचा की आधी, हे आपण त्या अनुभवावरून शिकलो की नाही, याची परीक्षा वाढवणला होईल.

कामगाराचा प्रश्न

आता आमच्या घरचा प्रश्न. स्वातंत्र्यापूर्वी गोदीत टोळीवाल्यांचे राज्य होते. जहाज लागले की फाटकाशी माणसे निवडायची. जहाज नसेल तर मजुरी नाही. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि 1951 साली मुंबईसाठी योजना आली. पी. डि'मेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी गोदी कामगार संघटित केला, म्हणून ती कागदावर राहिली नाही. नोंदलेल्या कामगाराला काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे आणि महिन्याला किमान कमाईची हमी मिळाली. त्यामागचे तत्त्व असे होते की, जहाज केव्हा येईल हे कामगाराच्या हाती नाही, तेव्हा त्याची वाट पाहण्याचा खर्चही त्याने सोसू नये.

वर सांगितलेले सात क्रेनचे उदाहरण आता पुन्हा आठवा. एक दिवस सगळ्यांना काम, सहा दिवस कोणाला नाही. कंपनी त्यावर काय उपाय काढते? मोजके कायम कामगार ठेवते आणि बाकीचे कंत्राटदाराकडून, लागतील तेव्हा, बोलावते. ट्रेलरचा ड्रायव्हर बंदराच्या फाटकाबाहेर रांगेत तासन्‌तास उभा राहतो. त्याला पैसे खेपेवर, थांबण्याचे नाहीत. जे 1948 साली कायद्याने घालवले तेच मोठे जहाज मागच्या दाराने परत आणीत आहे. टोळीवाल्याच्या जागी लेबर कंत्राटदार आला, एवढाच फरक.

यावर उपाय नाही असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 1934 च्या संपानंतर हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने साऱ्या किनाऱ्यासाठी एकच करार मिळवला. म्हणून जहाज एका बंदरातून दुसऱ्यात गेले तरी मजुरीचा दर तोच राही. 1960 साली त्यांनीच यंत्राला संमती दिली, पण त्याच्या बदल्यात मालकांनी कामगारांच्या किमान कमाईसाठी आणि लवकर निवृत्तीसाठी निधी द्यावा, असा करार केला. यंत्र अडवले नाही, यंत्राच्या नफ्यात वाटा घेतला. आपल्याकडे मोठ्या सरकारी बंदरांचा वेतनकरार देशपातळीवर होतो. ऑगस्ट 2024 मध्ये संपाची वेळ आली असता तो ठरला. परंतु खासगी टर्मिनलांतील कंत्राटी कामगार आणि ट्रेलरचालक त्याच्या बाहेर आहेत. आणि त्यांचीच संख्या वाढती आहे.

काय करावे?

आमच्या मते चार गोष्टी कराव्यात. एक, ज्या जहाजाला जास्त खोली पाहिजे त्याच्याकडूनच खोलीचा जास्त आकार घ्यावा. लहान जहाजाने आणि जनतेच्या तिजोरीने त्याचा गाळ काढू नये. दोन, एकाच किनाऱ्यावरील बंदरांनी परस्परांचे दर पाडू नयेत. सिंगापूरचे उदाहरण समोर ठेवून किमान दर आणि किमान मजुरी एकत्र ठरवावी. तीन, महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा करून अनेक मालकांकडे काम करणाऱ्या हमालाला मंडळाची सावली दिली. त्याच धर्तीवर दर पेटीमागे थोडी पट्टी बसवून सर्व टर्मिनलांचा एक कामगार-मेळ उभारावा, म्हणजे सहा रिकाम्या दिवसांचा भार कामगारावर पडणार नाही. चार, जेथे नवे बंदर व्हायचे तेथील मच्छीमारांचा आणि जमीनमालकांचा मोबदला पहिला दगड पाण्यात पडण्यापूर्वी ठरवून हाती द्यावा.

यांतील एकही मागणी मोठ्या जहाजाच्या विरोधात नाही. समुद्र खोल असेल, माल भरपूर असेल, तर ते खुशाल यावे. त्याने वाचवलेला पैसा आणि त्याने लादलेला खर्च एकाच वहीत मांडला जावा, आणि ती वही लोकांना उघडून दाखवली जावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. वाढवणची वही अजून कोरी आहे. तीत पहिली ओळ कोणी लिहायची, हे ठरवण्याची वेळ आजच आहे. धक्का उभा राहिल्यावर तो प्रश्न विचारून उपयोग होणार नाही.